फोडलेला फराळ

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी पाऊस पडला नाही. अगदीच नाही असं नाही, पोळ्याच्या आधी दोन सरी येऊन गेल्या, पण त्यांना पाऊस म्हणणं म्हणजे ढगांना फुकटचा मान देणं झालं असतं. गावात मात्र जिल्ह्याचा डामडौल चालला होता. कोपऱ्यावरच्या न्हाव्यानं पाटीवरचं ‘जिल्हा उस्मानाबाद’ पुसून ‘जिल्हा लातूर’ असं लाल रंगात लिहून घेतलं होतं. नवे साहेब येत होते, त्यांच्या बायका आमच्या भांड्यांच्या दुकानात येऊन पातेल्यांवर टिचक्या मारून बघत होत्या. आणि गल्लीत टँकर आला की त्याच दुकानातल्या घागरी, कळशा, तपेली रांगेत उभ्या राहत होत्या. “जिल्हा झाला, आता पाणी बी यील,” असं अप्पा, म्हणजे माझे वडील, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. त्यांचा जिल्ह्यावर फार विश्वास होता.

मी तेव्हा चौथीत होते आणि जात्याच भित्री होते. पालीला भ्यायचे, टँकरच्या हॉर्नला भ्यायचे, आणि सगळ्यात जास्त आत्याबाईंना. आत्याबाई म्हणजे अप्पांची थोरली बहीण. लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि जिभेवर कायम काहीतरी तिखट. घरात शिवाशिवीपासून मिठाच्या बरणीपर्यंत सगळ्यावर त्यांची नजर असायची. आईही त्यांना भ्यायची. फक्त ती ते दिसू द्यायची नाही, हा तिच्यातला आणि माझ्यातला फरक.

आई त्या दिवाळीत पोटुशी होती. सातवा लागला होता. माझ्या नंतरचं एक बाळ गेलं होतं, जन्मायच्या आतच, त्यामुळे घरात या वेळी कुणी मोठ्यानं काही बोलत नव्हतं. सरकारी दवाखान्यातल्या बाईंनी अप्पांना दोनदा बजावून सांगितलं होतं, हिला पाणी भरपूर पिऊ द्या, अंगातलं पाणी कमी पडलं तर अवघड होईल. दुष्काळात हा सल्ला ऐकून अप्पा कसनुसं हसले होते. पण त्या दिवसापासून घरातली एक कळशी आईची म्हणून वेगळी झाली. तिला दुसरं कुणी हात लावायचा नाही.

आम्ही लिंगायत. आमच्या घरात प्रत्येकाच्या गळ्यात इष्टलिंग. आईचं सुपारीएवढं, काळंभोर, चांदीच्या डबीत. ते तिला लहानपणी उदगीरच्या मठातल्या स्वामींनी दिलेलं. रोज जेवायच्या आधी ती डबी उघडायची, लिंग डाव्या तळहातावर घ्यायची, चमचाभर पाणी घालायची, विभूती लावायची, बेलाचं पान ठेवायची, मग ते पाणी तीर्थ म्हणून प्यायची आणि त्यानंतरच घास. तळहाताच्या मध्यभागी ते बरोबर बसायचं. मला वाटायचं, तिथं त्याच्यासाठी खड्डाच पडला असावा.

त्या डबीच्या झाकणाची कडी सैल झाली होती. अप्पा सोनाराकडं न्यायचं म्हणत होते, पण सोनाराला नव्या साहेबांच्या घरच्या कामांतून सवड नव्हती. तोवर आईनं कडीला दोरा गुंडाळला होता.

दिवाळीचं आमच्याकडं दसऱ्यापासूनच ठरलेलं होतं. अप्पांनी जाहीर केलं होतं, पाडव्याला सगळ्यांनी हॉटेलात जेवायचं. बसस्टँडच्या बाजूला नवं हॉटेल निघालं होतं, तिथं बायकामाणसांसाठी पडद्याच्या खोल्या होत्या. आई जन्मात बाहेर जेवली नव्हती. लग्नाकार्याला गेली तरी आपला तांब्या बरोबर न्यायची. आत्याबाई तर म्हणाल्या, “हाटेलात? कुणाच्या हातचं, कुणाच्या भांड्यातलं? मी न्हाई यायची.” पण आई म्हणाली, “चार घास खाऊन बघू की. जिल्हा झालाय.” तिला अप्पांची चेष्टा करायची असली की ती असं ‘जिल्हा झालाय’ म्हणायची.

फराळ करायला ती धनतेरशीच्या आदल्या दिवशी बसली. सकाळीच टँकर येऊन गेला होता, घरात भांडी भरलेली होती, त्यामुळे तिचा जीव थाऱ्यावर होता. अनारशांसाठी तांदूळ भिजवायचे आणि रोज पाणी बदलायचं, हे त्या वर्षी परवडणारं नव्हतं. अनारसे रद्द. शेव, चिवडा, करंज्या, आणि रव्याचे लाडू. मी आणि दादा, माझा मोठा भाऊ, तिच्या पाठीमागं भिंतीला टेकून आकाशकंदील करत होतो. अंगणात वारा होता, पतंगाचा कागद उडायचा, म्हणून स्वयंपाकघरात. कामट्या, दोरा, गुलाबी आणि पिवळा कागद, आणि आईनं करून दिलेली वाटीभर खळ. आई तळायला बसली की डबी पाठीवर टाकायची, पुढं लोंबकळून तेलाची वाफ लागायला नको म्हणून. दुपारभर ती तशीच बसून होती, मधून मधून वळून आमच्या चिकट हातांकडं बघून म्हणायची, “कागद चिटकवून राहिलेत का तोंडं?”

चारच्या सुमाराला फराळ झाला. आत्याबाईंनी ताटल्या लावल्या आणि मी त्या शेजारीपाजारी पोचवून आले. एक ताटली आमच्याच माडीवरच्या भाडेकरूबाईंकडं गेली. त्यांचे मालक नव्या कलेक्टर कचेरीत लागले होते, दोघं पुण्याकडची, बोलणं स्वच्छ धुतल्यासारखं. “छान झालेत हो करंज्या तुमच्या,” असं त्या न खाताच म्हणाल्या.

दिवे लागायच्या वेळेला दादानं कंदील वर चढवला. अंगणात बांबू रोवला होता, त्याला दोरी. आत विजेचा बल्ब. कंदील पेटला तसे आम्ही मान वर करून बघत बसलो. एका बाजूला थोडा झुकला होता, पण आमचाच होता. खालच्या कागदावर झिरमिळ्यांच्या मुळाशी एक काळा ठिपका दिसत होता. “किडा मेलाय आत,” दादा म्हणाला, “पेटवल्या पेटवल्या लगेच.” किडे तर कंदिलात येतातच.

तेवढ्यात घरातून आवाज आला नाही. हे असं लिहिणं विचित्र आहे, पण मला तेच आठवतं. आई रोज या वेळेला पूजेला बसली की पुटपुटायची, ताम्हणात पळी वाजायची. त्या दिवशी काहीच वाजलं नाही. मी आत गेले. आई पाटावर बसली होती, डावा हात पुढं, तळहात उघडा. उजव्या हातात चांदीची डबी, उघडी आणि रिकामी. कडीचा दोरा एका बाजूला लोंबत होता.

“आत्याबाईला बोलाव,” ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच होता. पण तिच्या ओठांवरचा रंग गेला होता.

आता मला काय भीती वाटली ते सांगते. आत्याबाई आम्हाला झोपवताना ज्या गोष्टी सांगायच्या त्यांतली एक आमच्याच भावकीतल्या एका जुन्या बाईची होती. नदीवर धुणं धुताना तिचं लिंग पाण्यात गेलं. ती घरी आली, उंबऱ्यात बसली, आणि सापडेपर्यंत पाण्याचा थेंबही घेणार नाही म्हणाली. सापडलं नाही. ती तिथून उठलीच नाही. गोष्ट इथं संपायची. आत्याबाई ती फार अभिमानानं सांगायच्या आणि मग घोरायला लागायच्या. मी मात्र छताकडं बघत पडायचे, कारण आमच्या घरालाही उंबरा होता.

आत्याबाई आल्या. त्यांनी रिकामी डबी बघितली, आईकडं बघितलं. मग म्हणाल्या, “कधी होतं गळ्यात?”

“दुपारी जेवताना व्हतं. पूजा केली की.”

“मग पिठात पडलं. लाडू वळताना वाकली असशील. नाहीतर कणकेत.” त्यांनी डबे पुढं ओढले. “फोडा.”

आम्ही फराळ फोडायला बसलो. परातीत लाडू ओतले आणि एकेक करून फोडला. दादा लाडू, आत्याबाई करंज्या, मी शेवेचा डबा चाळणीत ओतून हात फिरवत होते. दिवसभर कढईसमोर बसून केलेलं सगळं परातीत चुरा होऊन पडत होतं आणि तुपाचा, वेलदोड्याचा इतका सुंदर वास सुटला होता की मला रडू येत होतं. प्रत्येक लाडू फोडताना वाटायचं, यात असेल. नसायचं. आई भिंतीला टेकून बसली होती. पोटावर एक हात, दुसरा तसाच मांडीवर उघडा. अप्पा दुकानातून आले तेव्हा आम्ही सगळे कोपरापर्यंत रव्यानं माखलेले होतो.

“शेजारी गेलेल्या ताटल्या?” अप्पा म्हणाले.

दिलेला फराळ परत मागायला मला पाठवलं. त्याच्याइतकं अवघड काम मी नंतरही कधी केलं नाही. शेजारच्यांना कारण कळत होतं, ते आमच्यातलेच होते, त्यांनी निमूट ताटल्या दिल्या आणि दारात उभं राहून आमच्या घराकडं बघत राहिले. माडीवरच्या बाईंना काय सांगायचं ते मला सुचेना. “आईनं फराळ परत मागितलाय,” एवढंच म्हणाले.

“परत?” त्या म्हणाल्या. “अगं, काही चुकलं का आमचं?”

मी मान हलवली. त्यांनी ताटली आणली. त्यात एक लाडू कमी होता. “ह्यांनी आल्याआल्या खाल्ला,” त्या ओशाळून म्हणाल्या. माझ्या डोक्यात एकच आलं, की आईचं लिंग कलेक्टर कचेरीतल्या कारकुनाच्या पोटात गेलं. मी जिन्यावरच बसून हमसून रडले. त्या बाई घाबरून खाली आल्या, आईशी काय बोलल्या माहीत नाही. पण जाताना त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, लाडवात सुपारीएवढं काही असतं तर दाताखाली आलं असतं गं. हे मलाही कळत होतं. भीतीला कळून काय उपयोग.

त्या रात्री आई जेवली नाही आणि पाणीही प्यायली नाही. अप्पा म्हणाले, सकाळी गावातल्या मठात जाऊ, दुसरं घेऊ, स्वामी आहेत तिथं. आई म्हणाली, “ज्यांनी बांधलं ते स्वामी आता न्हाईत. दुसरं मी घेणार न्हाई. घरातच पडलंय, सापडंल.” अप्पांनी आत्याबाईंकडं बघितलं. मला वाटलं, आता या बोलतील, त्यांचं ती ऐकेल. पण आत्याबाई परातीतला चुरा डब्यात भरत राहिल्या. स्वतःच सांगितलेल्या गोष्टीत त्या सापडल्या होत्या.

धनतेरशीचा दिवस मला तुकड्यांनीच आठवतो. आमच्या घरात सकाळपासून सगळे जमिनीवर रांगत होते. राख चाळली, केर उपसला, मोरीत हात घातला. दारात रांगोळी नाही, नवं भांडं पूजायचं ते तसंच दुकानात. आणि मधोमध आईची कळशी, भरलेली, वरून ओलं फडकं घातलेली. सगळ्या गावाला पाण्यासाठी वणवण आणि आमच्या घरात पाणी भरून ठेवलेलं, अन् जिच्यासाठी ठेवलं ती पिईना. मी तिच्याजवळ जाऊन म्हणाले, “आई, थोडंच पी. कुणी बघत न्हाई.” तिनं माझ्याकडं बघितलं, ओठांवरून जीभ फिरवली, पण जीभही कोरडी होती. म्हणाली, “सापडंल माय. तू भिऊ नको.” मला कुणी भिऊ नको म्हणालं की माझी भीती दुप्पट व्हायची.

दुपारी ती मोरीकडं जायला उठली आणि भिंत धरून खाली बसली. डोळे पांढरे केले. आत्याबाई ओरडल्या नाहीत, त्यांनी नुसतं “अगं बाई, अगं बाई” असं हळू आवाजात सुरू केलं आणि थांबेचनात. आई शुद्धीवर आली. अप्पांनी तिच्या तोंडाजवळ तांब्या नेला, तिनं दात आवळून मान फिरवली. पाणी तिच्या हनुवटीवरून पदरावर सांडलं. अप्पा बराच वेळ तो ओला पदर बघत उभे होते. मग त्यांनी सायकल काढली. मी त्यांच्या सदऱ्याचं टोक धरून सोडेना, तेव्हा त्यांनी मला पुढच्या दांडीवर बसवलं.

गावातल्या मठातले स्वामी फार म्हातारे होते. अप्पांनी ‘शरणार्थ’ म्हणून डोकं टेकलं आणि सगळं सांगितलं. स्वामींनी ऐकून घेतलं. “तिला सांगून आलाव का?” त्यांनी विचारलं. अप्पांनी नकारार्थी मान हलवली. स्वामी उठले, आत गेले, एक लिंग आणून अप्पांच्या ओंजळीत ठेवलं. म्हणाले, “आधी पाणी पाजा. संस्काराला घेऊन या सवडीनं. तहानलेल्या बाईशी वाद घालू न्हाई.”

घराच्या अलीकडं, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या भिंतीशी अप्पांनी सायकल थांबवली. खिशातून पुडी काढली. त्यात बेसन होतं, निघताना घरातून घेतलं असावं. त्यांनी ते नवं लिंग बेसनात लोळवलं, रुमालानं पुसलं, पुन्हा थोडं पीठ लावलं. मग मुठीत धरलं आणि तसेच उभे राहिले, नव्याचा गारवा जाईपर्यंत. माझे अप्पा गिऱ्हाइकाला भांड्याला पोचा आहे हे आधी सांगणारे. मी त्यांना कधी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं.

“कुणाला बोलायचं न्हाई,” ते म्हणाले. “आईला तर जन्मात न्हाई. कळलं तर ती...” पुढचं मी पुरं केलं, मनात.

घरी जाऊन ते थेट डब्यांच्या फळीकडं गेले. खुडबुड केली. आणि मग “सापडलं” म्हणाले. त्यांचा आवाज इतका खोटा आला की मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते आईसमोर बसले होते आणि मूठ उघडत होते. पिठात माखलेलं लिंग तळहातावर. “डब्याच्या तळाशी व्हतं. पिठात.”

आईनं ते घेतलं. डाव्या हातावर ठेवलं. हात जरासा वरखाली केला, असं मला वाटलं. तिनं अप्पांकडं बघितलं, मग दारात उभ्या माझ्याकडं. मला धाप लागली होती. मी तोंड उघडलं तर सगळं बाहेर पडेल म्हणून ओठ दातांत धरले होते.

“हाव,” आई म्हणाली. “पाणी आणा.”

तिनं पूजा केली, तीर्थ घेतलं. मग कळशीतलं पाणी, एक तांब्या, दुसरा तांब्या. आत्याबाई चुलीकडं तोंड करून रडल्या, म्हणजे त्यांना रडता येतं हे मला तेव्हा कळलं. दादा फोडलेल्या फराळाचा बकाणा भरून अंगणात पळाला. सगळ्यांची दिवाळी त्या मिनिटाला सुरू झाली. माझी सोडून.

कारण मला आता वेगळीच भीती लागली होती. आई रोज दोनदा डबी उघडणार, रोज दोनदा ते हातावर घेणार. आज नाही कळलं, उद्या कळेल. आणि कळलं की ती पुन्हा भिंतीला टेकून बसेल, आणि या वेळी फसवल्याचा राग असेल, मग ती कुणाचंच ऐकणार नाही. मी तिच्या पूजेच्या वेळी दाराआडून बघायला लागले. अप्पाही बघायचे. पेपर वाचायचं सोंग करून. तिनं पळी खाली ठेवली की आम्ही दोघं श्वास सोडायचो. लक्ष्मीपूजनाला अप्पा, दादा, आत्याबाई दुकानात गेले, मी तापानं फणफणून घरी झोपले होते. भीतीनंच आला असणार. खिडकीतून अंगणातला कंदील दिसत होता. मध्ये एकदा डोळा उघडला तेव्हा तो दिसला नाही, नंतर पुन्हा उघडला तेव्हा होता. तापात असं होतं म्हणून मी कूस बदलली.

पाहुण्यांना त्या वर्षी आम्ही फराळ वाटीत घालून चमच्याबरोबर दिला. लाडवाचा, करंजीचा आणि शेवेचा मिळून एक चुरा झाला होता. “नवी तऱ्हा वाटतं,” कुणीतरी म्हणालं. “जिल्ह्याच्या गावात असंच देतात,” आई म्हणाली.

पाडव्याला माझा ताप उतरला आणि अप्पांनी आम्हाला हॉटेलात नेलं. मला वाटलं होतं ते विसरतील, पण ते आधीपेक्षा जास्त हट्टाला पेटले होते. आत्याबाई घरीच राहिल्या. हॉटेलात ट्यूबलाइटच्या खाली कागदी पताका लावल्या होत्या, गल्ल्यावर विजेच्या रंगीत माळा उघडझाप करत होत्या, नवे साहेब आपापली कुटुंबं घेऊन आले होते. आम्हाला हिरव्या पडद्याची खोली मिळाली. पोऱ्यानं फडकं मारून चार ग्लास पाणी आणून ठेवलं. आईनं ग्लासाकडं बघितलं आणि मला आठवलं. इथं ती जेवायच्या आधी पूजा करणार. इतक्या उजेडात, इतक्या जवळून. अप्पांनाही तेच वाटलं असावं. ते एकदम उठले, “राइसप्लेटचं सांगून येतो, हात बी धुतो,” म्हणाले आणि दादाला घेऊन पडद्याबाहेर गेले. मला तिथं ठेवून गेले याचा मला फार राग आला.

आईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला. डबी उघडली. कडीला आता नवा दोरा होता, घट्ट. तिनं लिंग हातावर घेतलं आणि मला दिसलं, त्याच्या एका बाजूला पतंगाच्या गुलाबी कागदाचा कपटा अजून चिकटून होता, वाळलेल्या खळीनं.

मी आईकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती. तिनं दुसऱ्या हातानं पदराच्या टोकाची गाठ सोडली. गाठीत अप्पांनी आणलेलं लिंग होतं, फडक्यात नीट गुंडाळलेलं.

“कंदिलात व्हतं,” ती हळू आवाजात म्हणाली. “डबी पाठीवर व्हती त्या दिवशी, अन् मागं तुमी बसला व्हतात. लक्ष्मीपूजनाला तुमचे अप्पा दुकानात गेले, मी अंगणात बाज टाकून पडले व्हते, वर बघितलं तर काळं दिसलं. तुमी किडा म्हणून राहिलात. किडा इतका गोल असतो का?”

“मग हे...”

“हे स्वामीला परत देऊन येईन. तुझ्या अप्पाला रवा अन् बेसन कळत न्हाई. लाडू रव्याचे केले, अन् बेसनात सापडलं म्हणं.” ती हसली, अगदी जरासं.

मला हसू आलं नाही. मला विचारायचंच होतं. “तुला कधी कळलं?”

“हातावर ठेवलं तवाच. वजन दुसरं.”

“मग पाणी कामून पिलीस?”

तिनं डबी बंद केली नाही. लिंग तसंच तळहातावर होतं, नेहमीच्या जागी. “मी लई भ्याले व्हते,” ती म्हणाली. “पोटातलं हलत नव्हतं दुपारपासून. मला वाटलं, हे बी गेलं. पण शब्द दिलेला, तो कुणापुढं मागं घ्यावा? मग तुझ्या अप्पानं मूठ उघडली. त्यांचा हात थरथरत व्हता. एवढी भांडी उचलतात, कधी हात थरथरला न्हाई त्यांचा. अन् तू दारात. म्हटलं, घरात सगळेच भ्यालेत, एकानं तरी भ्यायचं थांबावं.”

“अप्पांना सांगायचं?”

“न्हाई. सांगितलं तर त्यांना वाटंल, हिनं तवाच ओळखलं अन् गप बसली. मग पुन्हा भितील, आता काय लपवतीय म्हणून.”

तिनं चमचाभर पाणी घालून तीर्थ घेतलं. पडदा हलला. तिनं गाठ मारली, डबी मिटली. अप्पा आत आले. त्यांनी आधी डबीकडं बघितलं, मग तिच्या तोंडाकडं, मग माझ्याकडं, आणि माझ्या तोंडावर काही सापडलं नाही तसे खुर्चीवर बसले. चांगलं ताट आलं होतं, पुऱ्या फुगलेल्या होत्या, पापड होता, दादानं पहिल्या घासालाच आमटी सांडली. अप्पा जेवेनात. “पाणी पिलीस का?” त्यांनी आईला विचारलं.

आईनं हॉटेलातला ग्लास उचलला, परक्या हातानं भरलेला, परक्या भांड्यातला, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत सगळा पिऊन टाकला. मग अप्पांनी पुरी मोडली.

माघात माझी बहीण झाली, धडधाकट आणि रडकी. आई ते दुसरं लिंग मठात देऊन आली, मला बरोबर घेऊन, अप्पा दुकानात असताना. नंतर पुष्कळ वर्षं आम्ही एका पंगतीत जेवलो, दुष्काळ आले आणि गेले, पण अप्पांची एक सवय गेली नाही. जेवायला बसले की घास घ्यायच्या आधी ते आईला विचारायचे, पाणी पिलीस का. तहान असो नसो, आई त्यांच्यासमोर पिऊन दाखवायची. शेवटच्या आजारपणात त्यांना बोलता येईना, तेव्हा ते नुसते तिच्या गळ्यातल्या डबीकडं बघायचे, घाबरलेल्या डोळ्यांनी. मी आईला म्हणाले, आता तरी सांगून टाक. ती म्हणाली, “सांगितलं की. परवा. ऐकून घेतलं त्यांनी.”

“मग अजून का भितात?”

“सवय हाय,” आई म्हणाली, आणि उशाशी बसून त्यांना दिसेल असा तांब्या तोंडाला लावला.